लहानपणीचे मासे: पेडवे, मुडदुशा आणि ओल्या वाळूवरचे वाटे

तिरफळ

पेडव्याचा काटा कसा काढायचा ते बोटं विसरलेली नाहीत, हे परवा कळलं.

मालवणला मामेबहिणीकडे चार दिवस राहायला गेलो होतो. पहाटे किनाऱ्यावर फिरायला गेलो, तर रापण ओढणं चालू होतं. होडीने अर्धगोल फिरून जाळं टाकलेलं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणि एकेका दोराला पंधरा-वीस माणसं. मी नुसता बघत उभा होतो. एक म्हातारे आजोबा म्हणाले, "बघतंस काय, धर दोरी." धरली. तळहात सोलवटले, पाय वाळूत रुतले. तासाभराने जाळ्याची खोळ कडेला आली. आत तडफडणारी चांदी नुसती! बहुतेक पेडवे, थोड्या तारल्या, पाच-सहा बांगडे, दोन लेपे, एक वाकटी. ओल्या वाळूवरच वाटे घातले. दोर ओढणाऱ्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, ही रापणीची जुनी रीत. मलाही ओंजळभर पेडवे मिळाले. पिशवी नव्हती, म्हणून टोपीत घेऊन घरी आलो.

बहिणीने नुसतं मीठ, हळद, तिखट आणि आगळ, म्हणजे कोकमाचा रस, लावलं. केळीच्या पानात गुंडाळून पुडी तव्यावर ठेवली, वर झाकण. पान करपायला लागलं की परतायचं, बस. पान उघडलं आणि जो वास आला, त्या वासाने मी थेट सात वर्षांचा झालो. शाळेतून आल्यावर दप्तर टाकायच्या आधी "निस्त्याक काय?", म्हणजे जेवायला मासे कुठले, असं विचारणारा. पेडव्याचं डोकं चिमटीत धरायचं, हलकेच ओढायचं, की अख्खा काटा त्याच्याबरोबर निघून येतो आणि दोन्ही बाजूंचं मांस पानावर राहतं. हे कुणी शिकवलेलं आठवत नाही.

मग दिवसभर एकच गोष्ट डोक्यात. लहानपणी आमच्या घरात सुरमई, म्हणजे आमची इसवण, फार तर पाहुणे आले की यायची. सरंगा त्याहून कमी. रोजच्या जेवणात पेडवे, तारल्या, मुडदुशा, सौंदाळे, बोय, खापी, कर्ली. आता माझ्या मुलांना माशांची नावं विचारली तर ती चार सांगतात: सुरमई, पापलेट, बांगडा, कोळंबी. हॉटेलच्या थाळीत हीच चार, म्हणून त्यांच्या डोक्यातही हीच चार.

बाकीचे मासे कुठे गेले? समुद्रातून कमी झाले हे आहेच. पण मला वाटतं खरं कारण वेगळं आहे. हे मासे प्रवास करत नाहीत. पेडवा, तारली हे अंगाने तेलकट, पोटाने नाजूक. पकडताना त्यांचं पोट खाण्याने भरलेलं असेल, तर त्यातलेच पाचकरस काही तासांत पोट आतून विरघळवतात आणि ते फुटतं. बर्फात घातले तरी सुरमईसारखे टिकत नाहीत. म्हणून ते गावातच राहिले आणि आपण गाव सोडून आलो. आपण त्यांना विसरलो असं म्हणण्यापेक्षा ते आपल्यापर्यंत पोचूच शकत नाहीत.

तुमचे लहानपणीचे मासे कोणते? आणि आता कुठे मिळतात?

वलांडी

आमच्याकडे, म्हणजे उत्तरेला पालघरच्या बाजूला, या प्रश्नाला एकच उत्तर: बोंबील. तुम्हा मालवणकडच्या लोकांच्या यादीत तो नाही हे बघूनच कळलं तुम्ही दक्षिणेचे. बोंबील खरा रत्नागिरीपासून वर गुजरातपर्यंतचा.

डोल जाळं खुंटांना बांधून प्रवाहात सोडतात. पाणी वळलं की जाळं उचलायचं. म्हणजे आमच्या घरातली घड्याळं भरती-ओहोटीवर चालायची. बाबा रात्री दोनला गेले की सकाळी आठला ताजा बोंबील दारात. इतका मऊ की हातात धरला तर घसरतो, आणि रंग असा की आरपार दिसतंय असं वाटावं. पोट चिरून उघडायचा, मधला काटा काढायचा आणि पाट्याखाली दाबून ठेवायचा. अर्ध्या तासात पाटाभर पाणी सुटतं. ते पाणी काढलं नाही तर तव्यावर भजीसारखं कुरकुरीत होणं शक्यच नाही.

आणि उरलेला वाळायला वलांडीवर. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे, की आपोआप जोडी होते. ती जोडी बांबूवर टांगायची. दोरा नको, सुई नको, त्याचे दातच कामाला येतात. दिवाळीनंतर अख्खा किनारा टांगलेल्या बोंबलांनी भरलेला असायचा आणि मधून आम्ही पकडापकडी खेळायचो. आईला कपड्यांच्या वासावरून कळायचं कुठे होतो ते.

चिंबोरी

मुडदुशीचं नाव वाचून डोळ्यांत पाणी आलं. माझी पहिली बाळंतपणाची वेळ, माहेरी वेंगुर्ल्याला. पहिले काही दिवस मासे बंद आणि मग पहिला मासा आला तो मुडदुशी. पचायला हलकी, म्हणून बाळंतिणीला आणि आजाऱ्याला तीच. आजीने तिखट न घालता, ओल्या खोबऱ्याच्या रसात, हळद आणि दोन सोलं, म्हणजे आमसुलं, टाकून सार केलं होतं. उकड्या तांदळाच्या मऊ भातावर ओतून तिने स्वतः भरवलं. पुण्यात गेल्या दहा वर्षांत मला मुडदुशी तीनदा मिळाली आहे, तिन्ही वेळा आधी आजीच आठवली.

भीमाकाठ

मी घाटावरचा. कॉलेजला जाईपर्यंत समुद्र बघितला नव्हता. पण मासा आमच्याही लहानपणात होता. उजनीच्या फुगवट्याच्या काठाला आमचं गाव. मरळ, वाम, कटला आणि चिलापी. मरळ जिवंत आणायचे, पाण्याच्या बादलीत ठेवायचे. ती हवेतला श्वासही घेते, म्हणून ओल्या पोत्यात गुंडाळली तरी बराच वेळ जिवंत राहते. आमच्या आईने समुद्राचा मासा कधी शिजवला नाही, पण मरळीचा काळ्या मसाल्याचा रस्सा आणि ज्वारीची भाकरी यापुढे मला आजही दुसरं काही सुचत नाही. आमच्याकडे नारळ नाही, आमसूल नाही. आंबटपणाला चिंच, दाटपणाला भाजलेलं सुकं खोबरं आणि कांदा.

आता एक मनापासून विचारतो. समुद्राच्या माशातलं मला कळत नाही, पण बायको रत्नागिरीची आहे आणि तिला लहानपणीचं खायला घालावं असं फार वाटतं. शहरातल्या बाजारात ताजा मासा ओळखायचा कसा? विकणारी बाई म्हणते ताजाच आहे, मी घेतो, घरी आल्यावर बायको काही बोलत नाही, पण जेवत पण नाही.

सोडेवाली

भीमाकाठ दादा, तुमच्यासाठी सविस्तर लिहिते. चाळीस वर्षं रोज मासळी बाजारात जाते आहे.

आधी डोळा. ताजा असेल तर डोळा फुगीर, काळा आणि स्वच्छ. शिळा झाला की खोल जातो आणि दुधासारखा होतो. मग कल्ले उचलून बघा, विकणारीला सांगा उचलायला, त्यात लाजायचं काही नाही. लाल हवेत. तपकिरी किंवा राखाडी झाले की ठेवून द्या. पाठीवर बोट दाबा. खड्डा लगेच भरून आला पाहिजे. तारली, पेडव्याचं पोट आधी बघा, फुटलेलं असेल तर विषयच संपला. बोंबील लालसर-गुलाबी, चकचकीत हवा. तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, तोंड मिटलेल्या हव्यात. उघडी असली तर टिचकी मारा, जिवंत असेल ती मिटते. शिजवल्यावरही जी उघडत नाही ती खाऊ नका. कुर्ली, म्हणजे खेकडा, हातात घेऊन वजन बघा, आकाराच्या मानाने जड लागली तर भरलेली.

वासाचं तर सगळ्यात महत्त्वाचं. ताज्या माशाला मासळीचा वास येतच नाही, समुद्राचा येतो. माशाच्या अंगात एक बिनवासाचं रसायन असतं. मासा मेल्यावर जिवाणू ते फोडतात आणि त्यातून वासाचं द्रव्य तयार होतं. ते आम्लाने बांधलं जातं, म्हणून आपल्या बायका पिढ्यान् पिढ्या माशाला कोकम, चिंच, लिंबू लावत आल्या. नुसती चव नाही, त्यामागे ही करामत आहे.

दोन गोष्टींत मात्र फार जपा. मोरी, म्हणजे लहान शार्क, घेताना नाकाला अमोनियासारखा झटका बसला तर घेऊ नका. तिच्या अंगात युरिया असतो आणि शिळी झाली की तोच वास मारतो. आणि बांगडा. बराच वेळ उन्हात, बर्फाशिवाय पडलेल्या बांगड्यात हिस्टामिन तयार होतं. अंगावर गांधी उठतात, चेहरा लाल होतो, डोकं दुखतं. शिजवून ते जात नाही. कित्येकांना वाटतं आपल्याला बांगड्याची ॲलर्जी आहे, आणि खरा दोष त्या दिवशीच्या बांगड्याचा असतो.

आणि तुमच्या पत्नीला विचारा, लहानपणी काय खायची. सुरमई घेऊन जाऊ नका. नाव विचारून त्या नावाचा मासा शोधा.

बर्फगाडी

थोडं वेगळं मत मांडतो. माझं आयुष्य मासळीच्या वाहतुकीत गेलं. बर्फातला मासा म्हणजे शिळा, हा समज बरोबर नाही. बोटीवर पकडल्या पकडल्या नीट बर्फात घातलेली सुरमई दोन दिवसांनी पुण्यात पोचली, तर ती किनाऱ्यावर चार तास उन्हात पडलेल्या सुरमईपेक्षा नक्की चांगली असते. फरक अंतराचा नाही, पहिल्या तासाचा आहे. हरणे बंदरात लिलाव बघा. ज्या तांडेलाने, म्हणजे बोटीच्या म्होरक्याने, बर्फ भरपूर वापरला त्याच्या टोपलीवर लोक आधी झडप घालतात.

पण तिरफळ म्हणतात ते लहान माशांबद्दल खरं आहे. पेडव्याला तेवढा बर्फ घालणं कुणाला परवडत नाही. मग तो कुठे जातो? तारली, पेडवे, लहान मासळी मोठ्या प्रमाणात माशांचं पीठ आणि तेल काढणाऱ्या कारखान्यांत जाते. तिथून कोंबड्यांच्या आणि कोळंबी-शेतीच्या खाद्यात. तुमचा लहानपणीचा मासा तुमच्या ताटात कोंबडी होऊन येतोय. हे लिहिताना मलाही वाईट वाटतंय, कारण त्या गाड्याही मी चालवल्या आहेत.

तिरफळ

बर्फगाडी, हे लिहिलंत म्हणून आभार. पहिल्या तासाचं तुम्ही म्हणता ते मान्य. माझ्या ओंजळीतल्या पेडव्यांना तो पहिला तास मिळाला, चव त्यातूनच आली.

रापणकरांशी बोललो तेव्हा तेही हेच सांगत होते. पर्ससीन, म्हणजे थव्याला वेढून तळाशी आवळायच्या मोठ्या जाळ्याच्या, आणि दिव्यांच्या बोटी बाहेर खोल पाण्यात अख्खे थवे उचलतात, मग किनाऱ्यापर्यंत काय येणार? पर्ससीनवर राज्याने २०१६ मध्ये बंधनं घातली, एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी आणली. कागदावर सगळं आहे. त्या आजोबांनी समुद्राकडे बोट दाखवून सांगितलं, रात्री तिकडे गाव वसल्यासारखा उजेड दिसतो.

उधाण

यात आपणही काही करू शकतो. पापलेट २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा झाला, सातपाटीच्या मच्छीमारांचा त्यात मोठा वाटा. त्याच वर्षी राज्याने ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवला. पापलेटला १३५ मिलिमीटर, म्हणजे साधारण वीतभरापेक्षा कमीच. त्याहून लहान पकडायचं नाही. पण बाजारात तळहाताएवढी पिल्लं वाट्यावर विकायला असतात आणि लोक "कुरकुरीत तळायला छान" म्हणून घेतात. एकदाही अंडी न घातलेला मासा तो. मी आता सरळ सांगतो, बाय, हा नको, मोठा दाखव. दोन-तीनदा सांगितल्यावर ती स्वतःच म्हणायला लागली, "तुमच्यासाठी हे काढत नाही."

आणि १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या दिवसांत ताज्या पापलेटचा हट्ट नको. तो काळ आपल्या पूर्वजांनी सुक्या मासळीवर काढला आहे.

सोडेवाली

हो, आगोटची, म्हणजे पावसाआधीची, तयारी! मे महिन्यात आमच्या ओटीवर सुकट, जवळा, सोडे, सुके बोंबील, खारा बांगडा यांचे डबे भरायचे. सोडे उन्हात वाळत घातले की मांजरं आणि कावळे राखायला आम्हा मुलांना काठी देऊन बसवायचे. मी दहातला एक सोडा स्वतः खायचे. पावसात बाहेर धो धो कोसळतंय आणि आत सोड्याची खिचडी. वर ओलं खोबरं आणि कोथिंबीर.

शेताचाबांध

पावसाळ्यात आमच्याकडे रायगडात सुकी मासळी नाही, वलगणीचे मासे. पहिला जोराचा पाऊस झाला की नदी-ओढ्यातला मासा अंडी घालायला प्रवाहाच्या उलट चढतो, थेट भाताच्या खाचरात. रात्री कंदील, कोयता आणि बांबूचा सापळा घेऊन वडील आणि काका निघायचे, मी मागून छत्री घेऊन. बांधावरून पाणी जिथे खाली पडतं तिथे मासे उड्या मारताना दिसायचे, कंदिलाच्या उजेडात चकाकत. चिखलात पाय, डोक्यावर पाऊस, विंचवाची भीती. ते मासे लहान, काटेरी. आई आलं-लसूण भरपूर घालून सुकं करायची. पण आता अंडी भरलेला मासा चढताना पकडायचा की नाही, हा प्रश्न मला पडतो. गेली पाच वर्षं मी फक्त बघायला जातो. मुलाला दाखवतो.

ओहोटी

कालवं कुणीच कशी आठवली नाहीत? अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी खूप आत जातं, खडक उघडे पडतात. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत पाणी पुरतं उतरतच नाही, तेव्हा काही मिळत नाही. आई आणि शेजारच्या काकी साड्या वर खोचून, हातात लोखंडी हत्यार घेऊन खडकावर बसायच्या. एक टोला, वरची शिंपी उडते, आतला मऊ गर वाटीत. पाठीमागे पाणी चढायला लागलंय का, ते एक डोळा ठेवून बघायचं. आईच्या डाव्या हाताच्या अंगठ्यावर कालवाच्या धारेने कापल्याचे इतके वण होते की तो अंगठा मी डोळे मिटून ओळखला असता. संध्याकाळी कालवांचं सुकं, तांदळाची भाकरी. वाटीभर कालवांमागे तीन तास उन्हात बसणं असतं. कुणी बाई वाटीचा भाव सांगते तेव्हा मी घासाघीस करत नाही.

कोवळामाड

तिरफळ, तुमच्या नावावरून विचारते. तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं कसं करता? माझ्या सासूबाई गेल्या आणि त्यांच्याबरोबर ते गेलं. मी करते तेव्हा कडू होतं.

तिरफळ

कडू होतं म्हणजे बी आत गेलं असणार. तिरफळाची काळी बी काढून टाकायची, फक्त बाहेरची टरफलं घ्यायची. वाटणात मात्र अजिबात वाटायची नाहीत. हातावर जरा चुरडून, किंवा नुसती ठेचून, थोड्या पाण्यात भिजत ठेवायची आणि पाण्यासकट कालवणात टाकायची.

चार बांगड्यांना वाटीभर ओलं खोबरं, आठ-नऊ भिजवलेल्या बेडगी मिरच्या, चमचाभर धणे, हळद. पाट्यावर, किंवा मिक्सरवर कमी पाण्यात, गंधासारखं बारीक. वाटण मातीच्या बुडकुल्यात घालायचं, पाच-सहा सोलं, दहा-बारा तिरफळं, मीठ. उकळी आली की बांगड्याचे तुकडे सोडायचे. पळीने ढवळायचं नाही, बुडकुलं दोन्ही हातांनी धरून हलवायचं, नाहीतर तुकडे मोडतात. फोडणी नाही. उतरवल्यावर वरून चमचाभर कच्चं खोबरेल आणि लगेच झाकण. आणि हो, त्याच दिवशी सगळं संपवू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आटून अंगाबरोबर होतं आणि तिरफळ खरं तेव्हा बोलतं.

ओलं हिरवं तिरफळ पावसाच्या शेवटी-शेवटी मिळतं, त्याचा झणका वेगळाच. सुकं असेल तर दोन-चार जास्त टाका.

कोवळामाड

केलं. बीच जात होतं. नवऱ्याने पहिला घास घेतला आणि चमचा खाली ठेवून हातानेच जेवायला लागला. काही बोलला नाही. उरलेलं सकाळसाठी झाकून ठेवलंय.

भीमाकाठ

सोडेवाली ताई, बायकोला विचारलं. "सौंदाळे," म्हणाली, एका क्षणात, जणू कुणी विचारायची वाटच बघत होती. दोन रविवार शोधले, मिळाले नाहीत. तिसऱ्या रविवारी एका म्हाताऱ्या मावशींना नाव सांगितलं, तर त्या आधी हसल्या आणि म्हणाल्या, "हे मागणारा घाटावरचा कुठून आला?" त्यांनी फोन नंबर घेतला. आज सकाळी सहाला फोन आला, आलेत म्हणून. कल्ले उचलून बघितले, लाल होते. बायको आत्ता ओट्याजवळ उभी आहे, खवले काढतेय आणि मला न विचारता आईला फोन लावून सांगतेय काय मिळालंय ते.